घडीचा कान

दवाखान्यात त्यांना सगळे घडीमावशी म्हणत. घरी त्या नुसत्याच आई होत्या, कारण घरात त्यांच्या घडीचा कुणाला काही उपयोग नव्हता. निवृत्त होऊन आल्यावर सुरुवातीला त्यांनी धुतलेल्या कपड्यांच्या इतक्या घट्ट, चौकोनी घड्या रचल्या की मुलाला एक बनियन काढायचा म्हटला तरी कपाटासमोर उभं राहून विचार करावा लागे.

"आई, हा बनियन आहे की वीट?" तो विचारायचा.

"वीट असती तर डोक्यात घातली असती," त्या म्हणायच्या, आणि त्याने विस्कटलेली थप्पी पुन्हा लावायला बसायच्या.

सून काही बोलत नसे. मावशींना तिचं तेच जास्त लागायचं. जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन मांडून ती तान्ह्या मुलांसाठी दुपटी, झबली, टोपडी शिवायची आणि फोनवरून फोटो टाकून विकायची. शिवण तिचं सुरेख होतं. मऊ सुती कापड, आतल्या बाजूला एकही टाका टोचणार नाही असं. तरी गिऱ्हाईक पुन्हा येत नव्हतं. एकीने कळवलं, "दुपटं छान आहे, पण आलं ते बाजारातून भाजी आल्यासारखं आलं." दुसरीला ते बारशाआधीच्या भेटीसाठी पाहिजे होतं. तिने लिहिलं, "प्लास्टिकची पिशवी दातांनी फाडून भेट द्यायची का?" सून दिवसभर फणकारत राहिली. म्हणाली, "लोकांना आतलं दुपटं दिसतच नाही. पिशवी बघूनच ठरवतात, मी कशी शिवते ते."

मावशी उठल्या. दुपट्यांसाठी आणलेल्या कापडातला उरलेला पांढरा मलमलीचा तुकडा त्यांनी टेबलावर तिरका पसरला. मधे दुपटं ठेवलं. खालचं टोक पोटावर आणलं, मग डावं, मग उजवं, शेवटी वरचं. प्रत्येक टोकाचा शेंडा उलटा दुमडून बोटभर बाहेर ठेवला. सगळं मिळून काही क्षणांत झालं. समोर एक गुळगुळीत, नेटकं पांढरं गाठोडं होतं आणि त्याला वर एक छोटा त्रिकोण उभा होता.

"हा कान," मावशी म्हणाल्या. "धर आणि ओढ."

सुनेने ओढला. गाठोडं एका हाताने उघडलं. चारही टोकं आपापल्या बाजूंना पसरली आणि मधे दुपटं, एकही सुरकुती नसलेलं.

"अगं बाई," सून म्हणाली. घरात आल्यापासून ती सासूशी इतकी मोकळी बहुतेक पहिल्यांदाच बोलली असेल.

ही घडी भट्टीतली होती. प्रसूतिगृहाच्या शेजारी, ऑपरेशनची हत्यारं धुऊन, कापडात गुंडाळून, मोठ्या वाफेच्या यंत्रात तापवायची एक खोली होती. आत कायम उकडायचं, म्हणून तिला भट्टी नाव पडलं होतं. तिथल्या घडीला कान असतो, कारण ऑपरेशनच्या वेळी नर्सने फक्त कान ओढायचा, आतल्या वस्तूला तिचा हात लागता कामा नये. मावशी नोकरीला लागल्या तेव्हा भट्टीतल्या थोरल्या बाईने त्यांना हे शिकवलं. त्याच बाईने आणखी एक गोष्ट शिकवली, जी कुठल्याच नियमात नव्हती.

भट्टी आणि प्रसूतिगृह यांच्यामधल्या भिंतीत एक छोटी सरकती खिडकी होती. तिच्यातून हत्यारांचे ट्रे यायचे जायचे. कधीकधी ट्रेमध्ये हत्यारं नसायची. जिवंत न जन्मलेलं बाळ असायचं. पलीकडे हात रिकामे नसत, म्हणून गुंडाळायला ते अलीकडे द्यायचे. थोरल्या बाईने अशा वेळेसाठी वापरून वापरून मऊ झालेली कापडं वेगळी राखली होती. "ह्यालाही हीच घडी घालायची," ती म्हणाली होती. "आणि तोंडावर कान ठेवायचा. आईचा एक हात सलाइनला बांधलेला असतो. दुसऱ्या हाताने तिला बघता आलं पाहिजे. कुणाला सांगावं लागू नये, कुणाची मदत मागावी लागू नये. ओढलं की झालं."

मावशींनी नोकरीभर ते पाळलं. कितीही घाई असो, तो कान त्या नीट दाबून, शेंडा सरळ करून ठेवत. मग खिडकी सरकवून गाठोडं पलीकडे देत आणि खिडकी बंद होई. पगारवाढीसाठी कधी भांडल्या नाहीत, साहेबांपुढे उभ्या राहिल्या की त्यांची बोबडी वळायची. पण आपण काहीतरी चांगलं केलं असं मनाशी म्हणायची वेळ यायची तेव्हा त्यांना हा कान आठवायचा. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

मग दुपट्यावर तीच घडी घालताना त्यांना आठवलं नाही का? आठवलं. पहिल्याच दिवशी, डावं टोक आणताना हात क्षणभर थबकला. पण त्यांनी ते झटकून टाकलं. भट्टीत कात्र्याही ह्याच घडीत जायच्या आणि चिमटेही. कापडाला काय ठाऊक आत कोण आहे? आणि बाळ गुंडाळायची ह्याहून चांगली रीत त्यांना येत नव्हती.

गिऱ्हाइकांना घडीचं वेडच लागलं. दुपट्याआधी लोक घडीचे फोटो टाकू लागले. एकीने कान ओढतानाचा व्हिडिओ टाकला, तो कुठल्या कुठे गेला. "इतकं प्रेमाने बांधलेलं काही आजवर घरी आलं नव्हतं," असं कुणीतरी लिहिलं, ते सुनेने मावशींना तीनदा वाचून दाखवलं. कुठल्याही बाईशी फोनवर बोलताना ती आता "आमच्या आईंच्या हातची घडी असते हो" असं म्हणू लागली. जेवणाचं टेबल अर्धं शिवणाचं आणि अर्धं घडीचं झालं. मुलगा ताट मांडीवर घेऊन जेवायचा. त्याच्या मोज्यांना चिकटपट्टीचे तुकडे लागून ऑफिसात जायचे.

"आई, मलाही असाच गुंडाळून पाठव ऑफिसला. साहेब खूश होईल."

"तुझा कान ओढायला कोण बसलंय तिथे?"

"साहेबच," मुलगा म्हणाला, आणि सून मशीनवर डोकं टेकून हसली.

घरातल्या हसण्यात आपण आहोत, हे मावशींना नवं होतं. दुपारी त्या जरा पडल्या तर सून दार लोटून घ्यायची. कापड आणायला जाताना विचारायची, "आई, मलमल जाड घेऊ की पातळ?" निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी त्यांना कामाचं काही विचारत होतं.

एका सकाळी सून फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मावशी भांडी पुसत होत्या.

"आई, हे बघा."

फोटोत त्यांचं गाठोडं होतं. न उघडलेलं, चपलांच्या कपाटावर ठेवलेलं. त्याचा कान वर. खाली चार ओळी होत्या. सुनेने त्या वाचल्या, कारण मावशींचा चष्मा आत होता.

"बाळ यायच्या आधी मी हे मागवलं होतं. पोचायला उशीर झाला. अगदी असंच एक गाठोडं मला दवाखान्यात मांडीवर दिलं होतं. माझी कुणाविषयी तक्रार नाही. फक्त हे उघडायचं कसं, तेवढं कुणी सांगेल का?"

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"आई, तिला काहीतरी भास झालाय ना?" सून म्हणाली. "दुःखात होतं असं. दवाखान्यात कशाला कोण अशी घडी..." ती थांबली. सासू कुठे नोकरीला होती ते तिला माहीतच होतं. "आई?"

"भास नाही," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही मेलेली मुलं..."

"हो."

"ह्याच हातांनी? हीच घडी?"

"दुसरी येत नाही मला."

सुनेने ओट्याची कड धरली. "आणि तुम्ही ती माझ्या दुपट्यांना घातली? एवढ्या पोटुशा बायकांच्या घरी पाठवली? एका शब्दाने तरी बोलायचं होतं!"

मावशींना खूप काही सांगायचं होतं. आईचा बांधलेला हात, थोरली बाई, मऊ कापडं. पण ओट्यापाशी उभं राहून हे सांगायचं कसं? त्या म्हणाल्या, "मला वाटलं, चांगली घडी आहे."

दिवसभरात तो फोटो आणि त्या चार ओळी सगळीकडे पसरल्या. ज्यांनी कान ओढतानाचे व्हिडिओ टाकले होते त्यांनी ते काढले. "माझ्या कपाटात आहे ते, आत्ता बाहेर टाकते," असं एकीने लिहिलं. "आधीच मला ते कफनासारखं वाटलं होतं," असं दुसरीने, जिने मागे प्रेमाने बांधलं म्हणून लिहिलं होतं. दिवस भरत आलेल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "आमच्या घरी कुणाला तरी पाठवा आणि ते घेऊन जा. आम्ही त्याला हात लावणार नाही." पुढच्या काही दिवसांत पाठवलेली पार्सलं परत येऊ लागली. दारातल्या कोपऱ्यात पांढरी गाठोडी साचली, तेव्हा मुलाने त्यांच्यावर चादर टाकली. मग चादर टाकल्यावर ते जास्तच वाईट दिसलं म्हणून काढून घेतली.

दुपट्यांबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. दुपटी कुणाला आठवतही नव्हती.

एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, "खोकी मागवू. छापील. सूर्य आणि बदकं असतात ना, तसली. लोक विसरतात."

"आईंनी आता पार्सलांना हात नाही लावायचा," सून भिंतीकडे बघत म्हणाली. मग तिलाच ते कसंतरी वाटलं असावं. "म्हणजे, थोडे दिवस."

मावशींनी मान हलवली. थोडे दिवस म्हणजे काय ते त्यांना कळत होतं.

फोटो टाकणाऱ्या मुलीने सुनेला वेगळं लिहिलं होतं. पैसे नकोत, माफी नको. ते गाठोडं टाकवत नाही आणि उघडवतही नाही, तर कुणीतरी येऊन घेऊन जाईल का? घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मुलगा सुट्टी काढतो म्हणाला.

"मी जाते," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही? आई, वेड लागलंय का? तिने ओळखलं तर?"

"मला कोण ओळखणार? माझं तोंड कुणी बघितलंय?"

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी घरात सांगितलं नाही. त्यांना फक्त खात्री हवी होती. ती मुलगी म्हणाली होती, अगदी असंच गाठोडं. म्हणजे कान होता. म्हणजे भट्टीत मावशींनी शिकवून ठेवलेल्या धाकट्या बाईने, धाकटीने, तो अजून ठेवला होता. म्हणजे त्या मुलीने एका हाताने तो ओढला असेल आणि तोंड बघितलं असेल. एवढं एकदा तिच्या तोंडून ऐकलं असतं तर दारातल्या त्या ढिगाचंही मावशींना काही वाटलं नसतं.

दार त्या मुलीनेच उघडलं. नवऱ्याचा सैल सदरा घातला होता, केस विंचरलेले नव्हते. घर मात्र झाडून पुसून लख्ख होतं. बाळ येणार म्हणून आवरलेलं तसंच राहिलेलं. गाठोडं चपलांच्या कपाटावरच होतं.

"दुपट्यांच्या घरून आलात ना? घेऊन जा." मग मावशींचं वय बघून ती म्हणाली, "जिना चढून आलात. बसा जरा. पाणी देते."

मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या. मुलीने पाणी आणलं आणि समोर बसली.

"हे बांधतं कोण?"

"मीच."

मुलगी त्यांच्या हातांकडे बघत राहिली. "कुठे शिकलात?"

खोटं बोलावं असं मावशींच्या मनात आलं. पण मग आल्या कशाला? "दवाखान्यात होते मी. भट्टीत. म्हणजे तिथे हत्यारं गुंडाळतात."

"मग तुम्हाला माहीत असेल." मुलगी पुढे सरकली. तिचा आवाज एकदम बदलला. "मला एक सांगा. कुणाला विचारावं तेच कळत नव्हतं. तो वरचा कोपरा असतो ना, बाहेर आलेला? तो कशासाठी ठेवतात?"

मावशींनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माझ्या मांडीवर दिलं ना, तेव्हा तो कोपरा असा वर होता. ह्या हाताला सलाइन होतं. मी दुसऱ्या हाताचं बोट लावलं त्याला. नुसतं लावलं. तर ती वॉर्डातली बाई म्हणाली, हात लावू नका, उघडायचं नसतं, त्रास होईल तुम्हाला. सगळेच म्हणाले. माझी आई पण. मग नेलं. मुलगी होती म्हणाले. आता वाटतं, उघडायचं नसतं तर तो कोपरा कशाला बाहेर? मी ओढायला हवा होता का? म्हणजे तो माझ्यासाठीच ठेवला होता का कुणीतरी? हे डोक्यातून जातच नाही माझ्या. आणि मग हे पार्सल आलं, त्यालाही तसाच."

खरं काय ते मावशींच्या ओठांवर आलं होतं. नोकरीभर जपलेलं, नवऱ्यालाही न सांगितलेलं. हो बाळा, तुझ्यासाठीच. ती मुलगी डोळ्यांत प्राण आणून बघत होती, आणि मावशींना दिसत होतं की हे वाक्य ऐकल्यावर ती ह्या लख्ख घरात उरलेलं आयुष्य कसं काढेल.

"कापड उरतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कापड मोठं असतं आणि बाळ लहान. शेवटचं टोक कुठे खोचायचं ते उरतं. घाईत असतात बायका, राहून जातं बाहेर. बाकी काही नाही."

"म्हणजे उघडण्यासाठी नसतो?"

"छे. उघडण्यासाठी कशाला असेल?"

मुलीने डोळे मिटले आणि श्वास सोडला. कितीतरी दिवस धरून ठेवलेला असावा. "नक्की ना?"

"मी तिथेच होते ना. नक्की."

"बरं झालं विचारलं," मुलगी म्हणाली. मग रडू लागली, पण साधं, मोकळं. जाताना तिने स्वतः उठून गाठोडं मावशींच्या पिशवीत ठेवलं आणि जिन्यातला दिवा लावला.

बसथांब्यावरच्या बाकावर बसून मावशींनी धाकटीला फोन लावला. धाकटीला त्यांनीच घडी शिकवली होती, आणि भट्टीत आता तीच थोरली होती.

"अय्या, मावशी! किती दिवसांनी! इथे सगळं ठीक आहे बरं का. तुमची ती मऊ कापडं अजून वेगळी ठेवते मी. आणि कान ठेवते, तुम्ही शिकवला तसा. एकदाही चुकले नाही."

"तो कशासाठी, ते खिडकीपलीकडे कुणाला सांगितलंयस का कधी?"

धाकटी गोंधळली. "मी? त्यांना माहीतच असेल की. तुम्ही सांगितलं नव्हतंत?"

"नाही."

"मग?"

"मला वाटलं, माझ्या आधीच्या बाईने सांगितलं असेल."

समोरून एक बस आली, थांबली, निघून गेली.

"मी सांगू का आता?" धाकटीने विचारलं, आणि तिचं तिनेच उत्तर दिलं. "पण सांगणार कुणाला, मावशी? तिकडे सगळ्या कंत्राटी. आजची बाई उद्या नसते. आणि मोठ्या डॉक्टरांनीच सांगून ठेवलंय, आईला दाखवायचं नाही म्हणून. माझं कोण ऐकतंय? तुमचं तरी ऐकलं असतं का?"

"नसतं ऐकलं."

"मग काय करू?"

"ठेवू नकोस कान."

"मावशी!"

"आत खोचून टाक. घट्ट. वर काही दिसता कामा नये."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"मीच सांगतेय," मावशी म्हणाल्या. "त्या बघत बसतात गं त्याच्याकडे."

घरी पोचल्या तेव्हा दारातला ढीग नव्हता. सुनेने सगळी गाठोडी उघडून दुपटी बाजूला काढली होती, आणि मलमलीचे तुकडे फरशी पुसायला म्हणून बादलीत घातले होते. टेबलावर नवी खोकी होती. पिवळा सूर्य, तीन बदकं. मुलाने एक जोडून बघितलं होतं. ते जरा वाकडं झालं होतं, पण छान दिसत होतं. सुनेने त्याचा फोटोही टाकला होता, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, "आता कसं दुकानातून आल्यासारखं वाटतं."

मावशींनी पिशवीतलं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. सुनेने ते उचललं, कान न धरता बाजूने सोडवलं, दुपटं झटकलं आणि खोक्यात बसवलं.

"काय म्हणाली ती?" तिने विचारलं. "फार बोलली का तुम्हाला?"

"नाही. पाणी दिलं. बोललो थोडं. बरं वाटलं तिला."

"मग बरंच झालं की," सून म्हणाली.

"हो," मावशी म्हणाल्या, आणि चपला काढायला दाराशी गेल्या.